गुणांच्या यादीबाहेरचे विद्यार्थी

दहावीचा निकाल लागला की गावोगावी गुणगौरव समारंभ होतात. नव्वदीच्या पुढची मुले व्यासपीठावर येतात, पुष्पगुच्छ आणि शिष्यवृत्तीचे पाकीट घेतात. त्यांचे कष्ट खरे असतात, कौतुकही रास्त असते. पण गरीब मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून जमवलेल्या पैशाच्या बाबतीत एक प्रश्न विचारायलाच हवा. हे पाकीट मिळाले नसते, तर या मुलाचे शिक्षण थांबले असते का? उत्तर ‘नाही’ असे असेल, तर आपण बक्षीस दिले. ज्याचे शिक्षण खरोखर थांबणार आहे, तो मुलगा अजून मदतीवाचूनच आहे.

हा प्रश्न जुना आहे. 1882 मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुले यांनी शिष्यवृत्त्यांच्या पद्धतीतला दोष दाखवला होता. ज्या वर्गांना शिक्षणाची गोडी आधीच लागली आहे, त्यांनाच सरकारी शिष्यवृत्त्यांचे उत्तेजन मिळते. स्पर्धा तत्त्वतः न्याय्य असली तरी तिच्यामुळे इतर वर्गांत शिक्षण पसरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. जिथे शिक्षण पोहोचलेलेच नाही, अशा समाजांसाठी काही शिष्यवृत्त्या ठेवाव्यात, ही त्यांची सूचना. त्यानंतर एकशे चाळीस वर्षे उलटून गेली, तरी कितीतरी ट्रस्टच्या अर्जांत टक्केवारीची अट आजही आधी येते. आईवडील ऊसतोडीला गेले असताना धाकट्या भावंडांना सांभाळून, घरचे पाणी भरून एखाद्या मुलीने मिळवलेले 62 टक्के त्या अटीत बसत नाहीत.

दुसरा गैरसमज फीचा. फी भरली की प्रश्न मिटला, असे देणाऱ्याला वाटते. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने मोफत शिक्षणाची हमी दिली ती 6 ते 14 वर्षांच्या मुलांना, म्हणजे आठवीपर्यंत. पुढे नववीत मूल हाताशी येते आणि त्याची मजुरी घराला दिसू लागते. मुलगी असेल तर लग्नाची बोलणी सुरू होतात. 2024-25 पासून महाराष्ट्र सरकारने 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील पात्र मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ केले. हा मोठा निर्णय आहे. तरीही बीडची मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगला आली, की खोलीचे डिपॉझिट, मेस, पुस्तके आणि सुट्टीत घरी जाण्याचे भाडे उरतेच. सरकारी शिष्यवृत्तीचा हप्ता अनेकदा वर्ष सरत आल्यावर जमा होतो. मेसवाला आणि घरमालक दर महिन्याला पैसे मागतात. शिक्षण सुटते ते या मधल्या महिन्यांत.

आपल्याकडे ज्यांनी हे ओळखले, त्यांनी आधी राहण्या-जेवणाची सोय केली. शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहतील असे पाहिले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसवली, आणि त्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. मुलाचे पोट भरले आणि डोक्यावर छप्पर आले, की तो शाळेत टिकतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

शिष्यवृत्ती काय करू शकते आणि ती मध्येच संपली तर काय होते, हे बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेत दिसते. कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकाने त्यांच्यातला वाचणारा मुलगा हेरला आणि त्यांना बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यापर्यंत नेले. एल्फिन्स्टन कॉलेजसाठी महिना 25 रुपये मिळाले. पुढे 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठासाठी महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांकरता. ही रक्कम महिन्याला मिळत होती आणि किती वर्षे मिळणार हे ठरलेले होते, म्हणून अभ्यासात मन घालता आले. तिथून ते लंडनला शिकायला गेले, पण 1917 मध्ये शिष्यवृत्तीची वाढीव मुदतही संपली आणि ते शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. लंडनला पुन्हा पोहोचायला 1920 उजाडले, तेही पदरची बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज यांच्या बळावर. एवढ्या असामान्य बुद्धीच्या माणसाची तीन वर्षे जिथे गेली, तिथे सामान्य मुलगा परत येतच नाही.

म्हणून देणाऱ्यांनी चार गोष्टी ठरवाव्यात. निवड करताना टक्केवारीच्या आधी घरची परिस्थिती बघावी. ती शाळेतल्या शिक्षकांना, अंगणवाडीताईंना ठाऊक असते, त्यांना विचारावे. मदत एकदाच न देता अभ्यासक्रम संपेपर्यंतची कबूल करावी, आणि एखाद्या विषयात मूल नापास झाले म्हणून ती लगेच तोडू नये. पैसे जूनमध्ये, गरजेच्या वेळी, थेट खात्यात द्यावेत. आणि मुलाला व्यासपीठावर उभे करून त्याच्या गरिबीचे वर्णन करू नये. वर्गमित्रांसमोर आपल्या घरची अडचण ऐकणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला काय वाटते, ते कोणत्याही हिशेबात धरले जात नाही.

हे काम सरकारचे नाही का, असे कुणी म्हणेल. आहेच. वेळेवर हप्ता, पुरेशी वसतिगृहे आणि बारावीपर्यंतचा हक्क यांसाठी आग्रह धरायलाच हवा, आणि तो देणाऱ्यांनीही धरावा, कारण एका मुलाची अडचण जवळून पाहिली की व्यवस्थेतली फट नेमकी कुठे आहे ते कळते. पण धोरण बदलेपर्यंत नववीतली मुलगी थांबू शकत नाही. तिचे वर्ष याच जूनमध्ये सुरू होते.

मोठा ट्रस्ट काढायची गरज नाही. पाच घरांनी मिळून एका मुलीची नववी ते पदवी अशी सात वर्षे अंगावर घ्यावीत, आणि त्यांच्यातल्या एकाने महिन्यातून एकदा तिला फोन करून अभ्यासाचे, मेसचे, घरचे विचारावे. मुलगी निवडताना शिक्षकांना एवढेच सांगावे: जी सोडून जाईल असे वाटते, तिचे नाव द्या.