आळस की आजार?

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर यवत आणि केडगाव यांच्यामध्ये खुटबाव हे स्थानक लागते. सारा मुलूख उसाचा. तेथे आमच्या परिचयाचे एक शेतकरी कुटुंब आहे. २०२१ सालच्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, त्या घरातील धाकटी सून करोनाने आजारी पडली. ताप चार दिवसांत उतरला. प्राणवायू लावावा लागला नाही, इस्पितळाची पायरी चढावी लागली नाही. त्या दिवसांत एवढ्यावर निभावणे म्हणजे देवाची मोठीच कृपा, आणि घराने ती तशी मानलीही.

तीन आठवड्यांनी ती खुरपणीला गेली. खाली बसून खुरपत होती तोवर ठीक होते. सरीच्या टोकाला उठून उभी राहिली मात्र, डोळ्यांपुढे अंधारी आली, छाती धडधडू लागली, हातांना कंप सुटला. ती बांधावर बसली. दुसऱ्या दिवशी तेच, आठवड्यानंतरही तेच. घरच्यांनी हृदयाचा आलेख काढून आणला, रक्त तपासले, बोटाला यंत्र लावून प्राणवायू मोजला. सगळे ठीक! मग एके दिवशी सासूबाईंच्या तोंडून शब्द निसटला, "कागदावर तर काहीच नाही. बसून खायची सवय लागली आता." रविवारी मिस्साच्या वेळी शुभवर्तमान वाचनासाठी सारी मंडळी उभी राहिली, ही बसून राहिली. मागच्या बाकावरून कोणीतरी तिच्या खांद्याला हात लावून उठण्याची खूण केली. ती बिचारी उठली आणि वाचन संपण्यापूर्वीच खाली कोसळली.

आळस हे सात मुख्य पापांपैकी एक, असे आपण सर्वजण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो. तेव्हा एखाद्याला आळशी म्हणणे ही केवळ तक्रार नव्हे, तो एक नैतिक आरोप आहे. असा आरोप करण्यापूर्वी माणसाच्या देहात नेमके काय चालले आहे, हे जाणून घेण्याचे बंधन आपल्यावर आहे किंवा नाही? आम्हांला या प्रश्नाने पुष्कळ दिवस छळले.

प्रथम देहाचे पाहू. आपण उठून उभे राहतो तेव्हा सुमारे अर्धा ते पाऊण लिटर रक्त क्षणार्धात पोटाकडे आणि पायांकडे उतरते. मेंदूचा पुरवठा तुटू नये म्हणून मानेतील आणि छातीतील मोठ्या रोहिण्यांमध्ये दाब ओळखणारी केंद्रे आहेत. ती मेंदूच्या तळाशी वर्दी देतात. तेथून आज्ञा सुटते; पायांतील व पोटातील रक्तवाहिन्या आकसतात, हृदय किंचित वेगाने चालू लागते, आणि आपल्याला काही कळण्यापूर्वी तोल सावरलेला असतो. हे काम करणारी ती स्वायत्त मज्जासंस्था. श्वासाची लय, घाम, पचन, बाहुलीचे लहानमोठे होणे, हा सारा कारभार तिच्याकडे आहे. आपली परवानगी ती विचारीत नाही. तिच्या दोन शाखांपैकी संकटकाळी धावून येणारी जी शाखा, तिला मराठीत अनुकंपी असे नाव आहे. शरीराचा एक अवयव दुसऱ्याच्या दुःखात सहभागी होतो, अशी गॅलेन या प्राचीन वैद्याची कल्पना होती. त्या सहवेदनेवरून हे नाव आले. वैद्यकाच्या कोरड्या परिभाषेत असा शब्द टिकून राहावा, याचे आम्हांला मोठे नवल वाटते.

करोनाचा विषाणू देहातून गेल्यावरही काहींच्या बाबतीत या संस्थेची घडी विस्कटलेली राहते. का, याचे एकच एक उत्तर अद्याप मिळालेले नाही. विषाणूशी लढण्यासाठी निर्माण झालेली प्रतिद्रव्ये उलटून स्वतःच्याच मज्जातंतूंना बाधत असावीत, त्वचेतील व रक्तवाहिन्यांभोवतालचे बारीक तंतू दुखावले जात असावेत, देहातील रक्ताचे आकारमान घटत असावे, दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहिल्याचा तो परिणाम असावा, असे अनेक तर्क आहेत. बहुधा निरनिराळ्या रुग्णांत कारणेही निरनिराळी असावीत. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये करोनोत्तर अवस्थेची व्याख्या केली. आजार सुरू झाल्यापासून साधारण तीन महिन्यांनीही आढळणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कोणत्याही निदानाने न उलगडणारी लक्षणे तिच्यात धरली आहेत.

खुटबावच्या त्या भगिनीचे निदान अखेर पुण्याच्या एका डॉक्टरांनी केले. त्यासाठी लागले एक घड्याळ आणि दहा मिनिटांचा धीर, एवढेच. तिला आडवे निजवून त्यांनी नाडी मोजली, ७६ भरली. मग भिंतीजवळ उभे केले आणि दर मिनिटाला मोजीत राहिले. दहाव्या मिनिटाला नाडी ११८ झाली होती. रक्तदाब मात्र खाली आला नव्हता. दहा मिनिटांत नाडीचे ठोके ३० किंवा त्याहून अधिक वाढले, रक्तदाब उतरला नाही, आणि त्रास किमान तीन महिन्यांचा असला, तर हे निदान होते. १२ ते १९ वर्षांच्या मुलामुलींत ही वाढ ४० ठोक्यांची धरतात. इंग्रजीत त्याला ‘पॉट्स’ असे आखूड नाव आहे. हृदयाचा आलेख तिने आडवे पडून काढला होता, म्हणून तो निर्दोष आला. यंत्र खोटे बोलले नव्हते. त्याला प्रश्नच चुकीचा विचारला होता.

दुखणे नवे नाही. अमेरिकेतील यादवी युद्धात सैनिकांवर उपचार करणाऱ्या डॉ. जेकब डा कॉस्टा यांनी १८७१ साली अशाच धडधडणाऱ्या हृदयांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांतील कित्येकांना आधी ताप किंवा अतिसार होऊन गेला होता. पहिल्या महायुद्धात पुन्हा हजारो सैनिक याच तक्रारीने रांगेतून बाहेर पडले, आणि हे कामचुकार तर नव्हेत, अशी शंका पुन्हा घेतली गेली. आजचे नाव रूढ झाले ते १९९३ नंतर. या दुखण्याच्या रुग्णांत बहुसंख्य तरुण स्त्रिया आहेत. सैनिकाच्या शब्दावर जेथे विश्वास बसला नाही, तेथे सुनेच्या शब्दाचे काय मोल असणार?

२००६ साली चिकुनगुन्याची साथ महाराष्ट्रभर पसरली, ती वाचकांना आठवत असेल. ताप उतरल्यावर महिनोन् महिने माणसे भिंतीचा आधार घेऊन चालत. परंतु त्यांना कोणी आळशी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. सांधे सुजलेले दिसत होते ना! जे डोळ्यांना दिसते त्याचीच दया करायची, अशी आपल्याला सवय आहे.

संत थॉमस अक्वायनस यांनी नीतिशास्त्राच्या आरंभी एक भेद केला आहे. मानवी कृती वेगळी आणि मानवाकडून घडणारी कृती वेगळी. विचारात गढलेला माणूस नकळत दाढी कुरवाळतो. ती त्याच्याकडून घडते खरी, पण बुद्धी आणि इच्छा यांच्या निवडीतून घडत नाही, म्हणून तिला पापपुण्य चिकटत नाही. हृदयाच्या गतीविषयी तर त्यांनी एक छोटा स्वतंत्र निबंधच लिहिला आहे, आणि ती गती बुद्धीच्या आज्ञेत नाही, असे त्यांनी अन्यत्रही स्पष्ट म्हटले आहे. सातशे वर्षांहून अधिक जुना हा विचार त्या बांधावर बसलेल्या स्त्रीला तंतोतंत लागू पडतो. उठण्याची इच्छा तिने केली होती, ती उठलीही होती. पुढे जे घडले ते तिच्या इच्छेच्या सीमेपलीकडचे. जेथे निवडच नाही तेथे आळसाचे पाप कसे शोधावे? शिवाय संत थॉमस यांच्या मते आळस म्हणजे दैवी कल्याणाविषयी वाटणारी खिन्नता. अंगमेहनतीशी त्याचा संबंध दूरचा आहे. आपण मात्र तो शब्द खुरप्याच्या मुठीला बांधून टाकला.

यावर कोणी म्हणेल, मग प्रत्येकाचे गाऱ्हाणे खरेच मानावे काय? ढोंग करणारे जगात असतातच. आम्हांलाही ते मान्य आहे. सांगणाऱ्यावर विश्वास ठेवायचा म्हणजे तपासणी सोडून द्यायची, असेही नव्हे. रक्तक्षय, थायरॉइड, करोनातील औषधांनंतर वाढलेली साखर, खरोखरचा हृदयविकार, यांनीही छाती धडधडते. ते सर्व पाहिलेच पाहिजे. आमचे म्हणणे क्रमापुरते आहे. प्रथम विश्वास, मग चौकशी. बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली स्त्री संत मार्कच्या शुभवर्तमानात येते. वैद्यांपायी तिचा पैसा संपला होता आणि दुखणे वाढले होते. याईराची मुलगी मरणपंथाला लागलेली असताना, गर्दी रेटत असताना, येशू त्या स्त्रीसाठी थांबला आणि तिने आपली सारी हकीकत सांगितली. तेवढा वेळ याईराला वाट पाहावी लागली, हे आपण सहसा लक्षात घेत नाही.

ख्रिस्तसभेचे नियम याबाबतीत आपल्यापेक्षा अधिक मायाळू आहेत. प्रकृती ठीक नसेल तर अर्पणविधीत गुडघे टेकण्यापासूनदेखील सूट आहे. ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वीच्या एक तासाच्या उपवासात पाणी आणि औषध वर्ज्य नाही. आजाऱ्यांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना तर तो उपवासही बंधनकारक नाही. त्या भगिनीला डॉक्टरांनी भरपूर पाणी, नेहमीपेक्षा अधिक मीठ, पायांना घट्ट मोजे आणि आडव्या स्थितीतला हळूहळू वाढविण्याचा व्यायाम सांगितला. (रक्तदाबाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी हे वाचून मीठ वाढवू नये!) आता शुभवर्तमानाच्या वेळी ती बसून राहते. सासूबाई शेजारी असतात आणि मागे वळून पाहणाऱ्यांकडे त्या अशा नजरेने पाहतात की पुन्हा कोणी वळत नाही.

गेल्या खेपेस आम्ही गेलो तेव्हा ती पाटावर बसून भाजी निवडत होती. बरीच सुधारली आहे, पण वैशाखाच्या उन्हात अजून तिच्याने शेतात उभे राहवत नाही. उष्म्याने रक्तवाहिन्या सैलावतात आणि दुखणे उसळते. तिच्या वाटणीच्या सऱ्या इतकी वर्षे थोरली जाऊ खुरपते आहे. निरोप घेताना ती थोरली आम्हांला दारापर्यंत पोचवायला आली आणि हळूच म्हणाली, "तिचं खरं आहे, मला ठाऊक आहे. पण माझ्या कमरेचं कोणी विचारत नाही." आम्ही चपला घालीत होतो. आम्हांला उत्तर सुचले नाही.