फेरफार आणि हरकत

मोहोपाड्यात ज्याची वीतभर जमीन आहे त्याची आज ना उद्या तलाठ्याच्या दप्तराशी गाठ पडल्यावाचून राहत नाही. 1960 साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सने शेजारच्या रसायनीला रसायनी केले, पाताळगंगेच्या काठी एकामागून एक कारखाने उभे राहिले, आणि ज्या भातखाचरांना पिढ्यान्‌पिढ्या एकच नाव ठाऊक होते त्यांच्या सातबाऱ्यावर वारस, खरेदीदार, बोजे आणि भूसंपादन यांची दाटी झाली. अशा वेळी जी क्रिया घडते तिला फेरफार म्हणतात. नोंद सहा नंबरच्या वहीत धरली जाते. हितसंबंधितांना नऊ नंबरची नोटीस जाते. पंधरा दिवस हरकतीसाठी मोकळे ठेवतात. हरकत आलीच तर प्रकरण ‘सहा अ’ या विवादग्रस्तांच्या वहीत चढते. आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावाचून मूळ उताऱ्यावरचा कानामात्राही हलत नाही. या व्यवस्थेच्या दिरंगाईविषयी गावात जे बोलले जाते ते येथे लिहिण्याजोगे नाही. पण सर्वांच्या हिताचा कागद एकट्याने बदलू नये आणि बदल सुचविण्याचा हक्क मात्र कोणाचाही नाकारू नये, हा जो विचार तिच्या बुडाशी आहे, तो मला नेहमीच थोर वाटत आला आहे.

उमेदीची वर्षे कारखान्याच्या पाळ्यांत गेल्यावर, उतारवयात मुलाने घरी ठेवलेल्या संगणकावर मी मुक्तस्रोत आज्ञावल्यांच्या मराठीकरणात हात घालू लागलो, तेव्हा या नव्या जगात मला हाच जुना फेरफार भेटला. ज्या आज्ञावलीची संहिता कोणालाही वाचता येते, तपासता येते, सुधारता येते आणि पुढे देता येते, ती मुक्तस्रोत. परंतु सुधारता येते म्हणजे कोणीही येऊन खाडाखोड करावी असे नव्हे. बदल सुचवावयाचा, तो सर्वांनी पाहावयाचा, हरकती ऐकावयाच्या, आणि मग ज्याच्याकडे त्या संहितेची देखभाल आहे त्याने तो मंजूर किंवा नामंजूर करावयाचा. येथे पगार नाही, वरिष्ठाचा धाक नाही, हजेरीपट नाही. माणसे स्वेच्छेने येतात आणि स्वेच्छेनेच निघून जातात. काही वर्षांत माझ्याकडेही मराठी नोंदी तपासण्याचे बिनपगारी कारकुनी काम आले, आणि अधिकार कितीही क्षुल्लक असला तरी तो माणसाच्या जिभेवर लगेच कसा चढून बसतो याचा अनुभव मला माझ्याच बाबतीत आला.

एका संध्याकाळी कोणा अनोळखी माणसाची नोंद आली. ‘जतन करा’ या शब्दांच्या जागी त्याने ‘सेव करा’ असे सुचविले होते. मी ती नामंजूर केली. तेवढ्यावर थांबलो असतो तर हा लेख लिहिण्याचे कारण उरले नसते. पण कारणाच्या रकान्यात मी लिहिले, ‘शेव फरसाणवाल्याकडे मिळते, येथे मराठी चालते.’ लिहून झाल्यावर स्वतःच्या विनोदावर मी खूशही झालो. त्या माणसाच्या आणखी अकरा नोंदी तपासणीसाठी थांबलेल्या होत्या आणि त्यांतल्या सात-आठ निर्दोष होत्या, हे मला दुसऱ्या दिवशी दिसले. तेरावी नोंद मात्र कधीच आली नाही.

पुढे एकदा मोहोपाड्याच्या बाजारात मोबाइलच्या दुकानात उभा असताना एक म्हातारी आपला फोन काउंटरवर सरकवून दुकानातल्या पोराला म्हणाली, “माज्या पोरीचा नंबर तेवडा शेव कर रं बाला, मना नाय जमत.” त्या पोराने दोन बोटांत काम केले, आणि मी माझा चार्जर घेऊन मुकाट्याने बाहेर पडलो. ‘जतन’ हा शब्द मला आजही अधिक देखणा वाटतो आणि नामंजुरीचा निर्णय मी आजही फिरविणार नाही. परंतु मी नाकारला तो शब्द नव्हता. शब्दाच्या आडून मी माणूस नाकारला होता, आणि जी गोष्ट ‘सर्वांसाठी खुली’ म्हणून मी चारचौघांत मिरवीत होतो तिच्या उंबरठ्यावर मी स्वतःच भुंकणारे कुत्रे बांधून ठेवले होते.

आपल्या परंपरेत या प्रश्नाला अधिकाराचा प्रश्न म्हणतात. विद्या कोणाला द्यावी आणि कोणाला देऊ नये याचे निकष जन्मावर आणि भाषेवर बांधलेले असताना ज्ञानेश्वरांनी 1290 साली गीतेचा अर्थ मराठीत आणला, ही घटना धर्मेतिहासाची आहे खरीच, पण बंद संहिता खुली करण्याचीही ती आहे. मात्र संहिता खुली झाली की तिच्यावर हात पडतात. उतरून घेणारे चुकतात, कीर्तनकार सोयीप्रमाणे बदलतात, भाविक आपली ओवी मध्येच घुसडतात. सुमारे तीन शतकांनी, 1584 साली, पैठणच्या एकनाथांनी निरनिराळ्या प्रती जमवून ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि शेवटी बजावून ठेवले की या ग्रंथात जो आपली ओवी मिसळील तो अमृताच्या ताटात करवंटी ठेवील. वरवर पाहता हे विलक्षण आहे. ज्या एकनाथांनी तहानेल्या गाढवाला काशीहून आणलेल्या कावडीतले गंगोदक पाजले असे आपण लहानपणापासून ऐकत आलो, त्यांनीच एका ग्रंथाचे दार लावून घ्यावे!

मला तरी यात विसंगती दिसत नाही. एकनाथांनी लिहिणाऱ्याचा हात धरला नाही; त्यांनी फक्त जागा सांगितली. ज्याला स्वतःचे म्हणावयाचे आहे त्याने स्वतःचा ग्रंथ करावा, आणि तो कसा करावा हे त्यांनी आपल्या भागवतावरील टीकेने आधीच करून दाखविले होते. ती टीका 1573 साली काशीत पुरी झाली. मुक्तस्रोताच्या जगातही हीच वाट मोकळी असते: ज्याचा फेरफार नामंजूर झाला त्याला मूळ संहितेची प्रत घेऊन आपली वेगळी शाखा काढता येते, आणि त्यास कोणाच्या मुखत्यारपत्राची गरज पडत नाही. म्हणूनच येथील देखभाल करणाऱ्याची सत्ता ही वतनदाराची सत्ता नव्हे. लोक जोवर थांबतात तोवर ती असते, आणि लोक थांबतात ते बहुधा त्याच्या विद्वत्तेपेक्षा त्याच्या वागणुकीमुळे.

पण चुकीला चूक म्हणावयाचेच नाही काय, असा प्रश्न येथे हटकून येतो, आणि तो रास्त आहे. न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: तत्त्वनिर्णयासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्षच न मांडता दुसऱ्याचा मोडण्यासाठी होते ती वितंडा. वाद कोणाबरोबर करावा हेही सूत्रकार गौतमांनी सांगून ठेवले आहे: शिष्य, गुरू, सहाध्यायी आणि कल्याण इच्छिणारे निर्मत्सर लोक यांच्याबरोबर. मग जल्प आणि वितंडा कशासाठी? तर अंकुराच्या रक्षणासाठी भोवती काटेरी फांद्या लावाव्यात तशा तत्त्वाच्या रक्षणासाठी. हा दृष्टांत मोठा धोक्याचा आहे, कारण प्रत्येक उद्धट तपासनीस स्वतःला ते काटेरी कुंपणच समजत असतो. आमच्या खालापुराकडे आवणीच्या दिवसांत शेताला कूड घालतात ते गुरांसाठी; रोपांची मूठ घेऊन चिखलात उतरलेल्या माणसाच्या पायांत कोणी काटे पसरीत नाही. आलेला माणूस गुरू आहे, गुरांतला आहे की आवणीला आलेला आहे, हे ओळखण्याइतकी सबुरी ज्याच्यापाशी नाही त्याने कुंपणाचे काम पत्करूच नये.

लिनक्स या प्रचंड सामुदायिक उद्योगाचा प्रवर्तक लिनस टोर्व्हाल्ड्स वर्षानुवर्षे आपल्या तिखट जिभेसाठी प्रसिद्ध होता, आणि त्याच्या शिव्यांना गुणवत्तेची हमी मानणारे भक्तही पुष्कळ होते. सप्टेंबर 2018 मध्ये त्याने आपल्या वागण्याने माणसे दुखावली गेली हे जाहीरपणे मान्य केले, क्षमा मागितली, आणि काही आठवडे काम बाजूला ठेवून तो मदत घेण्यासाठी गेला. त्याच सुमारास लिनक्सच्या गाभ्यासाठी नवी आचारसंहिता लागू झाली. (आचारसंहिता म्हटले की आपल्याला निवडणूक आणि झाकलेले फलकच आठवतात, हा आपला दोष.) त्या संहितेवर तेव्हा मोठे वादंग झाले. गुणवत्ता बुडाली, आता फक्त गोड बोलणाऱ्यांचे राज्य येणार, असे आक्षेपकांचे म्हणणे होते. त्यातला निम्मा भाग मला पटत नाही. उरलेला निम्मा मात्र तितक्या सहजी झटकता येत नाही, आणि त्याला कारण पुढे घडलेला एक प्रकार आहे.

एक्सझेड नावाची, माहिती आकुंचित करून साठविणारी एक छोटी आज्ञावली जगातल्या बहुतेक लिनक्स यंत्रणांत बसलेली असते. तिची देखभाल लासे कॉलिन हा फिनलंडमधला गृहस्थ वर्षानुवर्षे फावल्या वेळात आणि फुकट करीत होता. 2022 मध्ये काही अनोळखी नावांनी त्याच्यामागे तगादा लावला: कामे तुंबली आहेत, तुला रस उरलेला नाही, दुसऱ्याच्या हाती दे. आपली मानसिक प्रकृती दीर्घकाळ बरी नाही आणि हा बिनमोबदल्याचा छंद आहे, हे त्या माणसाने सर्वांसमक्ष सांगितले. तगादा थांबला नाही. याच काळात जिया टॅन या नावाचा एक सहकारी अत्यंत नम्रपणे, चिकाटीने मदत करीत होता. अखेर देखभालीचे अधिकार त्याच्याकडेही आले, आणि 2024 च्या आरंभी निघालेल्या नव्या आवृत्त्यांत त्याने परक्याच्या यंत्रात शिरता येईल असे चोरदार बसवून दिले. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एका यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक का लागतो याचा संशय आला, त्याने माग काढला, आणि 29 मार्च 2024 रोजी हे कारस्थान उघड झाले. जिया टॅन या नावामागे कोण होते हे आजवर जगासमोर आलेले नाही.

या प्रकरणाकडे मी तांत्रिक चोरी म्हणून पाहू शकत नाही. त्या संशयास्पद नावांच्या उद्धटपणाने एका थकलेल्या माणसाला वाकविले, आणि सौजन्याने त्याच्या खिशातली किल्ली काढून घेतली. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना पहिले अमानित्व येते आणि लगेच दुसरे अदंभित्व. मग अहिंसा, क्षमा, सरळपणा. मानाची हाव नसणे पुरत नाही. नसलेल्या चांगुलपणाचा देखावा नसणेही त्याच्या शेजारीच लागते, हा क्रम मला पूर्वी निव्वळ पाठांतराचा वाटे. ज्ञानेश्वरांनी याच अध्यायात अहिंसेचे विवरण करताना जिच्यात जिव्हाळा आधी पोहोचतो आणि अक्षरे मागून येतात अशा वाणीचे वर्णन केले आहे. जिया टॅनची अक्षरे निर्दोष होती. त्यांच्यापुढे चालणारे काहीच नव्हते. आचारसंहिता अक्षरे तपासू शकते. त्यांच्या पुढे काय चालले आहे हे तिला दिसत नाही, आणि तिच्याकडून ती अपेक्षा धरणेही अन्यायाचे आहे. तरीही, फक्त अक्षरेच सुधारली असती तर लासे कॉलिनचे ते दिवस थोडे सुसह्य झाले असते.

येथे एकनाथांचीच आणखी एक कथा आठवते. गोदावरीतून स्नान करून येताना एक माणूस त्यांच्यावर थुंके, ते पुन्हा स्नानाला जात, तो पुन्हा थुंके. असे शंभराहून अधिक वेळा घडले आणि अखेर तोच शरण आला. ही कथा कीर्तनात ऐकताना आपण सारे एकनाथांच्या बाजूने उभे असतो. पण विनामूल्य वस्तू वापरून तिच्या कर्त्यावर खेकसणारे लोक जेव्हा ‘सेवा करायला बसलात तर सहन करा’ असे म्हणतात, तेव्हा ते ही कथा थुंकणाऱ्याच्या बाजूने वाचीत असतात. शांती हे संताचे भूषण आहे. समोरच्याकडून ती हक्काने वसूल करण्याचा अधिकार कोणालाही मिळालेला नाही. दान घेणाऱ्याला दात्यापुढे मान तुकवावी लागत नाही हे मुक्तस्रोताचे मोठेपण खरे, परंतु मान न तुकविणे आणि मानगूट धरणे यांत काही अंतर राहिले पाहिजे.

नामंजुरी कशी करावी याचा उत्कृष्ट नमुना मला अखेर पुण्याच्या भांडारकर संस्थेत सापडला. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम 1925 पासून विष्णु सीताराम सुखठणकरांनी शिस्तीला लावले. 1,200 हून अधिक हस्तलिखिते धुंडाळून ते 1966 साली पुरे झाले. जो पाठ मूळ संहितेत बसला नाही तो त्यांनी फेकून दिला नाही. कोणत्या पोथीत काय आहे याच्या खुणेसह तो पानाच्या तळाशी किंवा परिशिष्टात ठेवला. व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहून घेतले, ही आपली लाडकी कथाही त्या संपादकांना प्रक्षिप्त ठरवावी लागली, आणि तिलाही परिशिष्टात जागा मिळाली. गणपतीला नामंजूर करतानाही ज्या गावाची जीभ घसरली नाही, तेथून दोनेक तासांच्या रेल्वे प्रवासावर कर्जत लागते आणि कर्जतेपासून मोहोपाडा काही फार दूर नाही. मला एका ‘सेव’साठी फरसाण आठवले.

गेल्या पावसाळ्यात, माणिकगड ढगांत बुडालेला असताना आणि वीज दर तासाला जात असताना, मी ती जुनी नोंद पुन्हा उघडली. माझा विनोद तेथे जसाच्या तसा होता. या दप्तरातले काहीही खोडता येत नाही. त्याखाली मी ‘जतन करा’ का ठेवले याची कारणे लिहिली, बोलण्यात ‘सेव’ रूढ असल्याची टीप शब्दसूचीत पर्याय म्हणून चढविली, त्या थांबलेल्या अकरांपैकी आठ नोंदी त्याच माणसाच्या नावाने मंजूर केल्या, आणि वर लिहिलेल्या वाक्याबद्दल क्षमा मागितली. यंत्रणेने त्याला नोटीस पाठविली असावी. पंधरा दिवस केव्हाच उलटले. मी ती नोंद बंद केलेली नाही.