दिव्याचं तेल

मागच्या रविवारी नेवाशाला गेलो होतो. मंदिरात गर्दी बेताचीच होती. पैसाच्या खांबासमोर उभा राहिलो, मोबाइल काढून चार फोटो घेतले, हात जोडले आणि निघालो. घरी आई ज्वारीची भाकरी थापत होती. म्हणाली, "खांबावर काहीतरी कोरलंय म्हणतात. पाहिलंस का?"

मला आठवेना. फोटो उघडला, दोन बोटांनी मोठा केला, तेव्हा अक्षरं दिसली.

याच खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली, अशी श्रद्धा आहे. साल शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. सच्चिदानंद बाबांनी ती लिहून घेतली. म्हणजे हा ग्रंथ कागदावर उतरण्याआधी कुणीतरी तो कान देऊन ऐकला. नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वर श्रोत्यांकडे एकच गोष्ट मागतात, अवधान. ऐकणाऱ्याचं चित्त भलतीकडे गेलं, तर रंगात आलेला रसही विरतो, हे ते सांगून ठेवतात.

हल्ली 'माइंडफुलनेस'ची ॲप मिळतात. दहा मिनिटं डोळे मिटा, श्वासाकडे पाहा, मन निवेल. त्यात वावगं काही नाही. पण ते लक्ष आपण आपल्यासाठी राखतो. नेवाशात मागितलेलं अवधान समोरच्याला द्यायचं होतं. ते देणं आहे, आणि आपण ते रोज थकवतो. "हं, बोल, ऐकतोय" म्हणत अंगठा स्क्रीनवर फिरत राहतो. मूल दोनदा सांगून पाहतं, तिसऱ्यांदा सांगायला येत नाही.

आईनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. मी बोलू लागलो तशी म्हणाली, "थांब, एवढी उलटू दे." पाणी सुकायच्या आत उलटली नाही, तर भाकरी तडकते. उलटून झाल्यावर तिनं माझ्याकडे तोंड वळवलं. "हं, आता सांग." अर्धं लक्ष तव्याला आणि अर्धं लेकाला, असा हिशेब तिच्याकडे नाही.

खांबावरच्या लेखाचा अर्थ मग शोधून वाचला. देवळातल्या अखंड दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाची ती नोंद आहे. आईला सांगितलं.

ती म्हणाली, "दान एकदा देऊन मोकळं होता येतं रे. तेल घालायला मात्र रोज कुणीतरी यावं लागतं."