राखणदाराचा पत्ता

माझ्या वडिलांची बागेची वही अजून माझ्याकडे आहे. रत्नागिरीजवळची आमची कलमं त्यांनी त्यात एकेक करून नोंदवली आहेत: विहिरीकडचं, गडग्यालगतचं, वीज पडलेलं. कुठल्या झाडाला फवारणी कधी झाली, पेट्या किती निघाल्या, सगळं आहे. राखणीच्या माणसांच्या पानावर मात्र ‘गुरखा १’, ‘गुरखा २’ एवढंच, आणि पुढे दिलेल्या उचलीचा आकडा.

आज कोकणातला आंबा आणि मासेमारी बऱ्याच अंशी नेपाळी माणसांच्या कष्टावर चालते. दशैं आणि तिहार, म्हणजे आपला दसरा-दिवाळी, गावी करून ही माणसं मोहोराआधी येतात, मांगरात राहतात, रात्री जागतात, दिवसा वानरं हाकलतात, आंबा उतरवतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. बोटींवरच्या खलाशांना १ ऑगस्टला हंगाम सुरू होण्याआधी हजर व्हावं लागतं. बरेच जण कैलाली, कांचनपूर अशा पश्चिम टोकाच्या जिल्ह्यांतले. ‘गुरखा’ हे नाव आपण सरसकट दिलेलं. त्यांच्यातल्या थारू समाजाच्या शेतकऱ्याचा गुरखा पलटणीशी काही संबंध नसतो.

त्यांना यायला व्हिसा लागत नाही. ३१ जुलै १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री कराराच्या सातव्या कलमाने दोन्हीकडच्या नागरिकांना एकमेकांच्या देशात राहण्याची, मालमत्ता घेण्याची, व्यापाराची, फिरण्याची मुभा दिली. उत्तराखंडापासून सिक्कीमपर्यंत पाच राज्यांना लागून असलेली सतराशे किलोमीटरांहून लांब सीमा उघडी आहे. बनबसाला शारदा नदीवरच्या बंधाऱ्यावरून माणूस बोचकं घेऊन चालत इकडे येतो. ही मोकळीक मोलाची आहे आणि ती टिकलीच पाहिजे, हे आधीच सांगतो.

पण दार उघडं ठेवलं की आपलं काम संपलं, असं दोन्ही सरकारांनी धरलं. आखातात किंवा मलेशियात जाणाऱ्या नेपाळी कामगाराला श्रम स्वीकृती घ्यावी लागते. तिच्यासोबत विमा येतो, बरंवाईट झालं तर घरच्यांना मदत मिळते. भारतात यायला स्वीकृती नको, म्हणून इथला मजूर त्या संरक्षणाबाहेरच राहिला. आपल्याकडे १९७९ मध्ये स्थलांतरित कामगारांसाठी कायदा झाला, तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांपुरता होता. पोलीस ठाण्यात आम्हा बागायतदारांना राखणदाराची माहिती फोटोसकट द्यावी लागते. ती गुन्हा घडला तर माणूस सापडावा म्हणून. त्याची मजुरी बुडाली तर दाखवता येईल, असा कागद कुठेच नाही. बागायतदारही यात पोळतो: ऐन हंगामात उचल घेऊन माणूस निघून गेला की त्याच्याही हातात काही नसतं.

काठमांडूत १९५० च्या कराराचं दुखणं वेगळं आहे. राणाशाही कोसळायला काही महिने उरले असताना पंतप्रधान मोहन शमशेर यांनी त्यावर सही केली, भारताकडून मात्र राजदूताने. ही सल तिथे अजून आहे. १९८७ मध्ये नेपाळने काठमांडू खोऱ्यातल्या भारतीयांना कामाचा परवाना लागू केला, तेव्हा दिल्ली दुखावली. १९८९ च्या नाकेबंदीपर्यंत ताणलेल्या संबंधांत हाही एक धागा होता. २०१६ मध्ये अशा करारांचा फेरविचार करायला दोन्ही देशांनी चार-चार जाणत्यांचा गट नेमला, २०१८ मध्ये अहवाल तयार झाला, आणि पुढे कित्येक वर्षं तो कुणी हातातही घेतला नाही. या सगळ्यात नकाशा आहे, सुरक्षा आहे, मानपान आहे. मजूर कुठेच नाही, कारण त्याच्या मताला कुठेच किंमत नाही. इथे त्याला मताचा हक्क नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये परदेशातल्या नागरिकांच्या मतदानाची सोय करायला सांगितलं, तरी २०२२ ची निवडणूक त्यांच्याविनाच झाली.

मग परवाने लावायचे? मला ते पटत नाही. अमेरिकेने १९४२ ते १९६४ या काळात ब्रासेरो योजनेतून मेक्सिकन शेतमजूर करारावर आणले. कागद होता, पण त्याने मजूर मालकाला बांधला गेला. सुरुवातीच्या वर्षांत पगारातून बचत म्हणून कापलेला दहावा हिस्सा अनेकांना मिळालाच नाही. मला हवी आहे ती मजुराच्या खिशातली नोंद: काम, ठरलेली मजुरी, घेतलेली उचल, घरचा पत्ता. दोन्ही देशांनी मानलेली, आणि सीमा ओलांडायला जिची अट नाही अशी. २०२० च्या मार्चमध्ये हीच उघडी सीमा बंद झाली. धारचुल्याला पूल बंद होता, म्हणून काही जणांनी सीमेवरच्या महाकाली नदीत उडी घेऊन पोहत घर गाठलं. अशा वेळी कुणाची वाट पाहायची आणि कुणाला निरोप द्यायचा, हे कळायला तरी यादी हवी.

तीन वर्षांपूर्वी आमच्या बागेत एक जण झाडावरून पडला. इस्पितळात केसपेपरवर पत्ता विचारला तेव्हा मी आमच्या बागेचा दिला. तो शुद्धीवर नव्हता, त्याचा मोबाइल उघडेना. शेजारच्या बागेतल्या मुलांनी फोनावर फोन करून रात्री उशिरा देवगडला राखणीवर असलेला त्याचा भाऊ शोधला. पाय प्लास्टरमध्ये घेऊन तो जूनमध्ये घरी गेला. त्याच्या गावाचं नाव मला त्या रात्री भावाकडून कळलं. तो आमच्याकडे नऊ हंगाम होता.