घेणाऱ्याचा स्वाभिमान

दान कसे द्यावे याविषयी नीतिशास्त्राने पुष्कळ सांगितले आहे. घ्यावे कसे, याविषयी फार थोडे. आणि देणारा हात कालच्या शत्रूचा असेल, तर?

योशिओ शिराई हे जपानी मुष्टियोद्धे दुसऱ्या महायुद्धात नौदलात होते. युद्धानंतर त्यांची पाठ दुखावलेली, देश दोस्तसैन्याच्या ताब्यात, आणि अन्नाची चणचण. १९४८ साली टोकियोतील एका व्यायामशाळेत आल्विन कान यांनी त्यांना हेरले. कान हे ताबेदार प्रशासनातील अमेरिकन जीवशास्त्रज्ञ. जपानच्या मोतीसंवर्धनावर अहवाल लिहिणारे. ठोसेबाजी हा काही त्यांचा प्रांत नव्हे! पण त्यांनी शिराईंना सकस अन्न पुरवले, ठोसा चुकवून लढण्याची शिस्त लावली. जेत्यांच्या अन्नावर पराभूताचा देह उभा राहू लागला.

हे घेणे लाजिरवाणे होते काय? शिंपल्यातील मोती पारखणाऱ्या नजरेनेच कान यांनी या तरुणाकडे पाहिले असेल, अशी शंका घेता येते. परंतु देणाऱ्याचा हेतू तपासत बसणे हाही कित्येकदा आपल्या अहंकाराचाच आडपडदा असतो. शिराईंनी अन्न घेतले, शिकवण घेतली. ठोसे मात्र स्वतःच खाल्ले.

२८ एप्रिल १९५२ रोजी जपान पुन्हा सार्वभौम झाला. तीनच आठवड्यांनी, १९ मे रोजी, शिराईंनी टोकियोत हवाईच्या डॅडो मारिनो यांना १५ फेऱ्यांच्या लढतीत गुणांवर हरवले आणि फ्लायवेट गटाचे जगज्जेतेपद मिळवले. जपानचा हा पहिला मुष्टियुद्ध जगज्जेता. ज्या विजयाने पराभूत राष्ट्राची मान वर झाली, त्यात एका अमेरिकनाचा वाटा होता. मला यात विसंगती दिसत नाही. स्वाभिमान म्हणजे कोणाचेच काही न लागणे, ही समजूतच कोती आहे.

नोव्हेंबर १९५४ मध्ये अर्जेंटिनाच्या पास्कुआल पेरेझ यांनी ते पद हिरावले. मे १९५५ च्या फेरलढतीत शिराई पाचव्या फेरीत कोसळले आणि निवृत्त झाले. हिशेब मिटवायचाच असता, तर ही वेळ सोयीची होती. एकमेकांकडून मिळण्यासारखे आता काही उरले नव्हते. तरीही कान जपानमध्येच राहिले. म्हातारपणी त्यांची काळजी शिराईंनी वाहिली, ती १९७१ साली कान वारेपर्यंत.