सही झाल्यानंतरचा कागद

दिलेला शब्द प्राण गेला तरी पाळावा, हे आपल्या पुराणिकांनी इतक्या वेळा आणि इतक्या रसाळपणे सांगितले आहे की, ज्याला तो शब्द दिला त्यानेच मागाहून मागणे वाढविले तर देणाराचा धर्म कोणता, या प्रश्नाकडे त्यांचे लक्ष गेलेले फारसे दिसत नाही. हरिश्चंद्राने सर्व राज्य दिल्यावर विश्वामित्रांनी वर दक्षिणा मागितली. बळीने बटूची तीन पावले मान्य करून पाणी सोडले आणि मग ती पावले त्रिभुवनाएवढी झाली. दोन्ही ठिकाणी देणाराची थोरवी गाइली गेली आणि मागणाराची झडती कोणी घेतली नाही. कारण उघड आहे, एके ठिकाणी मागणारा ऋषी होता आणि दुसऱ्या ठिकाणी साक्षात देव. मराठी कुणब्याने मात्र हा निकाल मुकाट्याने मानला नाही. इडा पिडा टळो आणि बळीचे राज्य येवो असे त्याच्या घरात आजही म्हटले जाते, आणि जोतीराव फुल्यांनी तर १८७३ साली 'गुलामगिरी'त वामनालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले.

हा जुना वाद आठवण्याचे निमित्त अगदी आजचे आणि चारचाकी आहे. आर्वी तालुक्यातील एका निवृत्त शिक्षकांनी वर्ध्याच्या एका विक्रेत्याकडून मोटार घेतली आणि कर्जाची व्यवस्थाही त्याच्याच मार्फत झाली. व्याजाचा दर व मासिक हप्ता विक्रेत्याच्या माणसाने कोटेशनच्या मागच्या बाजूस स्वहस्ते लिहून दिला. मग कागदांची जाडजूड चवड पुढे आली, जिच्या पानोपानी पेन्सिलीने फुल्या केलेल्या होत्या, आणि आकड्यांच्या जागा कोऱ्या का, असे विचारताच "ते मागून कॉम्प्युटरवर चढते, गुरुजी" असे उत्तर मिळाले. हार घातला, नारळ फुटला, एमएच-३२चा क्रमांक पडला, नोंदणीपत्रावर कर्जाचा बोजाही चढला. तिसऱ्या आठवड्यात दूरध्वनी आला : "गुरुजी, फायनान्सवाल्यांनी ती स्कीम बंद केली, दर थोडा वाढला आहे, नव्या कागदांवर सह्या करून जा, नाही तर गाडी परत आणावी लागेल."

गुरुजी तरुणपणी पवनारला विनोबांच्या प्रवचनांना जात असत, आणि अशा माणसाचा प्रश्न पैशाचा नसतो. त्यांनी मला विचारले ते एवढेच की, मी सही केली आहे हे तर खरे. मग आता नाकारले तर असत्याचा दोष कोणाच्या माथी?

याचे उत्तर पुराणांत शोधण्यापेक्षा स्मृतींच्या व्यवहाराध्यायात शोधावे, कारण स्मृतिकारांना सावकारही ठाऊक होते आणि ऋणकोही. याज्ञवल्क्याचा दंडक असा की, कर्जाचा लेख पुरा लिहून झाल्यानंतरच ऋणकोने आपल्या पित्याच्या नावासह स्वहस्ते नाव घालून वरील मजकूर मला मान्य आहे असे लिहावे. म्हणजे आधी मजकूर आणि मग संमती, हा क्रम त्याने ठरवून दिला आहे. बळाने किंवा कपटाने करविलेला लेख, तो ऋणकोच्या स्वतःच्या अक्षरात असला तरी, तो प्रमाण मानीत नाही. ऋणकोने जे जे फेडले ते त्याच दस्तऐवजाच्या पाठीवर नोंदवावे किंवा धनकोने स्वहस्ताक्षरात पावती द्यावी, आणि ऋण फिटताच तो कागद फाडून टाकावा, इतक्या बारकाईने तो लिहितो. १८७२च्या करार कायद्याचे ६२वे कलम निराळे काय सांगते? जुन्या कराराच्या जागी नवा आणावयाचा तर तो उभयतांच्या संमतीने, एकट्याच्या हुकुमाने नव्हे.

कोऱ्या जागेखाली सही करणे हा गुरुजींचा बावळटपणा होता, असे शहाणी माणसे म्हणतील. मला ते म्हणणे मान्य नाही. ज्या वर्ध्यात जमनालाल बजाज व्यापार करीत, आणि श्रीमंतांनी विश्वस्त व्हावे असे लिहिताना आपल्या डोळ्यांपुढे मुख्यतः हाच व्यापारी असे, असे गांधीजींनी त्यांच्या मृत्यूनंतर १९४२ साली लिहून ठेवले, त्या वर्ध्यात ग्राहकाने दुकानदारावर विश्वास टाकावा यात लाज वाटण्याजोगे काही नाही. लाज वाटावी ती त्या विश्वासाची कोरी जागा मागाहून भरणाऱ्याला. माझ्या मते वाढविलेल्या आकड्यावर निमूटपणे सही करणे ही वचननिष्ठा नव्हेच. ते दुसऱ्याच्या असत्याला आपले नाव उसने देणे होय. बळीने मस्तक पुढे केले ते त्याचे औदार्य, पण ते कर्तव्य म्हणून इतरांवर लादण्याचा अधिकार वामनाला कोणी दिला? आणि उलट, वाढ नाकारताना मूळ हप्ताही बुडविणे हा सत्याग्रह नसून दुराग्रह ठरेल, कारण जे मनापासून मान्य केले ते ऋण तर खरेच आहे.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या अशा किरकोळ कर्जांत दर, हप्ते आणि सर्व आकार दाखविणारे मुख्य तथ्य विवरणपत्र कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावे लागते, आणि त्यात नसलेला कोणताही आकार त्याच्या स्पष्ट संमतीवाचून पुढे वसूल करता येत नाही. गुरुजींनी ते पत्रक आणि सही केलेल्या कराराची नक्कल लेखी अर्जाने मागितली, अर्जासोबत कोटेशनच्या मागच्या बाजूची छायाप्रत जोडली, आणि उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन असे खाली नमूद केले. हप्ता ते ठरल्या तारखेस ठरल्या आकड्यानेच भरतात. नव्या कागदांवर त्यांनी सही केलेली नाही.