दार कोणासाठी उघडते?



कुवेतमध्ये शुक्रवारी सकाळी शहराकडे जाणाऱ्या बसमध्ये बसलात तर चर्चला निघालेले पुष्कळ लोक भेटतात. रविवार इथे कामाचा दिवस, म्हणून ख्रिस्ती बांधवांची मोठी प्रार्थना सुट्टीच्या शुक्रवारी होते. मी इथे नवीन होतो तेव्हा खोलीतला केरळचा सहकारी मला एका शुक्रवारी सोबत घेऊन गेला. "एकटा खोलीत काय करशील, चल जेवायला," एवढेच तो म्हणाला. प्रार्थनेनंतर मागच्या हॉलमध्ये जेवण झाले. लोकांनी नाव विचारले, काम विचारले. आडनाव कोणी विचारले नाही. मी बौद्ध आहे असे सांगितल्यावर वाढणाऱ्या बाईंनी ताटात आणखी भात घातला.

त्या जेवणाने मनात एक प्रश्न ठेवला आणि तो अजून तिथेच आहे. परक्या माणसाला आपल्या पंगतीत बसवणे हे धर्माचे काम आहे का? असेल, तर ते कुठे अडते?

ख्रिस्ती शिकवणीत या प्रश्नाला मोठी जागा आहे. नवा करार मूळ ग्रीक भाषेतला. त्यात आतिथ्यासाठी येणाऱ्या 'फिलोक्सेनिया' या शब्दाचा सरळ अर्थ 'परक्यावरचे प्रेम' असा होतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात अखेरच्या न्यायाचे चित्र आहे. तिथला राजा कोणी किती प्रार्थना केली हे विचारत नाही. भुकेल्याला अन्न दिले का, परक्याला घरात घेतले का, आजाऱ्याकडे आणि कैद्याकडे गेलात का, यावर निवाडा होतो. त्या परक्याच्या रूपात मीच आलो होतो, असे तो सांगतो.

ही शिकवण पहिल्याच पिढीत अडखळली, हेही त्यांच्याच ग्रंथात नोंदलेले आहे. अंत्युखिया शहरात पेत्र यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. यरुशलेमहून काही कर्मठ मंडळी आली, तेव्हा त्यांच्या भीतीने तो वेगळा बसू लागला. पौलाने त्याला सर्वांसमोर जाब विचारला. करिंथ इथे एकत्र भोजनाच्या वेळी काही जण आधीच पोटभर खाऊन घेत आणि गरीब उपाशी राहत. त्यांनाही पौलाने सुनावले. म्हणजे रोटीव्यवहाराचा प्रश्न काही आपल्याच देशाचा नाही. आपल्या देशाने त्याला धर्माचा आधार देऊन कायमचा केला, हा फरक.

कुवेतने या शिकवणीची चांगली बाजूही पाहिली आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन मिशनचे डॉक्टर इथे आले. १९१२ मध्ये आलेल्या डॉ. एलिनॉर कॅल्व्हर्ली यांनी इथल्या स्त्रियांवर उपचार सुरू केले. १९२० च्या जहराच्या लढाईतले जखमी याच मिशनच्या दवाखान्यात आणले गेले. धर्मांतरे जवळजवळ झालीच नाहीत, तरी दवाखाना १९६७ पर्यंत चालला. मात्र पहिले दार मिशनने उघडले नव्हते. शेख मुबारक यांनी त्या परक्या डॉक्टरांना राहू दिले, म्हणून पुढचे सगळे घडले. पाहुणा आणि यजमान अशा जागा बदलतात. आपण स्वतः इथे पाहुणे आहोत, हे आपणही विसरू नये.

आता बाबासाहेबांकडे येऊ, कारण आतिथ्याची खरी परीक्षा त्यांच्या आयुष्यात लिहिलेली आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे त्यांच्या आठवणींचे नाव आखातात राहणाऱ्या माणसाला वेगळेच लागते. व्हिसासाठी थांबणे म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक आहे. बाबासाहेब मात्र स्वतःच्याच देशात दारे उघडण्याची वाट पाहत होते.

१९१७ साली परदेशातले उच्च शिक्षण घेऊन ते बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी आले आणि त्यांनी संध्याकाळपर्यंत जागा सोडायला बजावले. तेव्हा बाबासाहेबांनी दोन मित्रांना विचारले. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा मित्र भारतीय ख्रिस्ती होता. तो म्हणाला, उद्या पत्नी येणार आहे, तिला विचारून सांगतो. हे उत्तर म्हणजे सभ्य नकार होता, हे बाबासाहेबांना पुढे कळले. ते दांपत्य मूळचे ब्राह्मण घराण्यातले. पती विचाराने उदार झाला होता. पत्नीचे वळण जुनेच राहिले होते आणि अस्पृश्याला घरात ठेवायला ती तयार झाली नसती. बाबासाहेब एका सार्वजनिक बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले.

हा प्रसंग मी अनेकदा वाचला आहे. "तू मला नकोस" असे दोघांपैकी एकही मित्र म्हणाला नाही. एकाने नोकरांचे नाव पुढे केले, दुसऱ्याने पत्नीचे. नकार देणारा स्वतः चांगलाच राहतो आणि दोष घरातल्या दुसऱ्या कोणाचा असतो. त्या ख्रिस्ती घरात धर्म बदलला होता, चूल बदलली नव्हती. मत्तयाच्या अध्यायातला परका त्या दिवशी दारात उभा होता आणि त्याला उद्या यायला सांगितले गेले.

बाबासाहेबांनी पुढे ख्रिस्ती धर्मांतरितांच्या स्थितीवर स्वतंत्रपणे लिहिले. चर्चमध्ये गेल्यावरही जात कशी टिकून राहते, हे त्यांनी दाखवले. हे त्यांनी ख्रिस्ती धर्माच्या द्वेषातून लिहिले नाही. त्यांना विचारायचे होते ते हे की, धर्मांतराने माणसांचे आपसातले वागणे बदलते का? तोच प्रश्न १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्यालाही लागू होतो.

आपल्या परंपरेत या बाबतीत मोठी शिदोरी आहे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात येणाऱ्या भिक्खूचे आणि विहारात राहणाऱ्या भिक्खूंचे परस्परांशी वर्तन कसे असावे, हे ठरवून दिले आहे. थोर भिक्खू आला तर आसन मांडावे, पाय धुवायला पाणी ठेवावे, पुढे जाऊन पात्र आणि चीवर घ्यावे. नवख्याला जागा कुठे, पाणी कुठे ते सांगावे. पाहुण्यानेही मिळालेली जागा झाडून नीट ठेवावी. म्हणजे आतिथ्य हे यजमानाच्या लहरीवर सोडलेले नाही, ते शिस्तीत बसवले आहे. महावग्गात एका आजारी भिक्खूची कथा आहे. तो आमच्या काही कामाचा नाही, म्हणून इतर भिक्खूंनी त्याला घाणीत पडू दिले होते. भगवंतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतःच्या हातांनी त्याला धुतले आणि माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी, अशी शिकवण दिली. मत्तयाचा राजा आणि भगवान बुद्ध इथे फार जवळ येतात. फरक इतकाच की, बुद्धांच्या या शिकवणीत बक्षीस देणारा कोणी राजा नाही. समोरचा माणूस आहे, एवढे कारण पुरते. बाबासाहेब 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये करुणेच्याही पुढे मैत्रीपर्यंत जायला सांगतात, ते यासाठीच. करुणा ताटात भात वाढते. मैत्री शेजारी बसवून घेते.

मग आपली पंगत कशी आहे? आपल्या जयंतीच्या कार्यक्रमाला कुटुंबे येतात. कंपनीच्या कॅम्पमध्ये आठ जणांच्या खोलीत राहणाऱ्या भावाला निरोप पोहोचतो का? "हॉल लहान आहे", "फॅमिली असतात, बॅचलर लोकांचे अवघड होते" ही वाक्ये मी ऐकली आहेत आणि एकदा बोललोही आहे. नोकर आणि पत्नी यांच्या नावाने दिलेल्या नकारांपेक्षा ती फार वेगळी नाहीत. नव्या माणसाला आपण "मूळ गाव कोणते?" असे विचारतो, तेव्हा कधी कधी पोटजातीचा अंदाज घेत असतो. याच शहरात घरकाम करणाऱ्या श्रीलंकेच्या अनेक भगिनी आहेत. त्यांच्यात कितीतरी जणी जन्माने बौद्ध आहेत, आपण शिकलो तेच त्रिसरण त्या लहानपणापासून म्हणतात. बुद्धपौर्णिमेला त्यातली एक तरी आपल्याकडे आली आहे का?

इथे आपल्याला विहार नाही, कार्यक्रम कोणाच्या तरी घरी किंवा भाड्याच्या हॉलमध्ये होतात. आतिथ्याला मात्र इमारत लागत नाही. पुढच्या कार्यक्रमासाठी माझ्या तीन सूचना आहेत. कॅम्पमधून बांधवांना आणण्यासाठी गाड्या असणाऱ्यांनी फेऱ्या वाटून घ्याव्यात. दोघांनी दारात थांबून येणाऱ्याला आत नेऊन बसवावे. आयोजकांनी सर्वांत शेवटी जेवावे.

बडोद्यातल्या त्या संध्याकाळी एक दार उघडले असते तरी बाबासाहेबांना बागेत बसावे लागले नसते. आपल्या दाराशी कोण येईल हे आपल्या हातात नाही. घरात विचारून सांगतो, हे उत्तर मात्र आपण देऊ नये.

जय भीम.